भगदाडाचा निकाल

भूगोलाच्या सरांनी बँकेच्या लिलावात घर घेतलं, तेव्हा ते त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं होतं. आत जाऊन बघायची सोय नव्हती. 'आहे तसं, आहे तिथं' अशी बँकेची अट होती. घर तिथं आहे, एवढं सरांना दिसलं होतं. कसं आहे, ते कुलूप तोडल्यावर कळलं. छपरातून आभाळ दिसत होतं, मोरीत झाड उगवलं होतं आणि पुढच्या खोलीतल्या फरशीच्या एका टोकावर पाय दिला की दुसरं टोक वर उठून सलाम करत होतं.

सरांच्या बायकोने दोन्ही खोल्या शांतपणे फिरून पाहिल्या.

"अहो, लिलावात दुसरं कोण बोली लावत होतं?"

"कोणीच नाही," सर अभिमानाने म्हणाले. "मैदान मोकळंच होतं."

"मग तुम्ही दोनदा बोली का वाढवलीत?"

"रंगात आलो होतो."

त्यानंतर बाई सरांशी बोलेनाशा झाल्या. जे सांगायचं ते बाई दुरुस्तीला लावलेल्या गवंड्याला सांगत, आणि सर शेजारीच उभे असले तरी गवंडी ते त्यांना पुन्हा ऐकवत असे.

भिंतीला भिंत लागून शेजारचं घर होतं. तिथं एक निवृत्त न्यायाधीश राहत. दाराला खिडकीएवढी पाटी होती. पहिल्याच दिवशी ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "दुपारी ठोकाठोक नको. आणि हद्द सांभाळा. माणसाने एकदा हद्द सोडली की त्याचं काही खरं नसतं." सरांनी मान डोलावली. ती नंतर दोन दिवस आपोआप डोलत राहिली.

मागची खोली फार अंधारी होती. सरांनी ठरवलं, पूर्वेच्या भिंतीत खिडकी काढायची.

"बाई विचारतायत, पूर्व नक्की हीच का?" गवंडी म्हणाला.

"जन्मभर पोरांना दिशा शिकवल्या," सर म्हणाले. "मार घण."

भिंत विचित्रच निघाली. बाकीचं घर दगडी, आणि ही एकेरी विटांची. तिसऱ्याच घावाला ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी पलीकडे कोसळली. तिच्याबरोबर पलीकडून टेकवलेलं एक कपाटही गेलं. धूळ खाली बसली. पलीकडे ऊन नव्हतं. दिवा होता, आरामखुर्ची होती, आणि खुर्चीत बनियन घालून, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांच्या ढिगाऱ्यात न्यायाधीश पायाची नखं कापत बसले होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्व," सर म्हणाले.

संध्याकाळी सुनावणी ठरली. पलीकडच्या बाजूला न्यायाधीश कोट चढवून बसले, अलीकडे सिमेंटच्या पोत्यावर सर. त्यांना नोकरी, अब्रू आणि उरलंसुरलं घर, सगळंच जाताना दिसत होतं. बाई न बोलता त्यांच्या शेजारच्या पोत्यावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांना थोडा धीर आला.

"ही खोली कोणाची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तुमची."

"भिंत कोणी पाडली?"

सरांनी गवंड्याकडे पाहिलं. गवंड्याने छपराकडे पाहिलं.

"मी," सर म्हणाले.

"म्हणजे अतिक्रमण कबूल. नुकसान कबूल. एका ज्येष्ठ नागरिकाला नको त्या अवस्थेत पाहणं..."

"पुरे हो आता," मागून न्यायाधीशांच्या पत्नी पाण्याचे पेले घेऊन आल्या. "किती घाबरवाल त्यांना? खोली आपली कुठं आहे? ते घर ओस पडलं होतं तेव्हा तुम्हीच ना आपल्या बाजूने हिच्यात दार फोडलंत, आणि त्यांच्या अंगाला विटा लावून घेतल्यात? पुस्तकं मावत नाहीत म्हणून."

न्यायाधीशांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये," ते म्हणाले.

"मी साक्षीदार नाही. बायको आहे."

सरांच्या बाई उभ्या राहिल्या आणि कितीतरी दिवसांनी थेट नवऱ्याशी बोलल्या. "उठा हो पोत्यावरून. आपल्याच घरात आहोत आपण." आणि भगदाडातून वाकून त्या पलीकडे गेल्या, खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायला.

न्यायाधीशांनी खोली सोडायचं मान्य केलं. पुस्तकं हलवायला फक्त थोडी मुदत मागितली. बाईंनी सोमवार दिला. सोमवारी हमाल मिळाला नाही. पुढच्या सोमवारी न्यायाधीशांची कंबर धरली. त्यानंतरच्या सोमवारी, अशा प्रकरणात पूर्वी काय निर्णय झाले आहेत ते पाहायला हवं म्हणून त्यांनी पुस्तकं उघडली, आणि ती अजून वाचून व्हायची आहेत.

मधल्या काळात छप्पर झालं, फरशी बसली. दोघी बायकांनी मिळून गवंड्याकडून भगदाडाला छानशी चौकट बसवून घेतली. सरांना कोणी विचारलं नाही. शाळेत मात्र सर सर्वांना सांगतात, की त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि नजर पारखी असल्यामुळे घर तीन खोल्यांचं निघालं.

"मग तिसऱ्या खोलीत कोण असतं?" चित्रकलेच्या बाईंनी एकदा विचारलं.

"मी असतो की. रोज संध्याकाळी," सर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. संध्याकाळी सर हातपाय धुऊन त्या चौकटीपाशी जातात, हलकेच खाकरतात आणि विचारतात, "येऊ का?"

न्यायाधीश पुस्तकातून मान वर करून मोठ्या मनाने म्हणतात, "या, या. आपलंच घर समजा."