उलट्या काठीची फत्ते

चिरंजीवांनी गुन्हा केला तो माफीलायक नव्हे, सबब बखरीत अव्वल तोच दाखल करणे प्राप्त. मातोश्रींचा उजवा खुबा शस्त्रवैद्यांनी काढून पोलादी बसविला, आणि त्या इस्पितळी मुक्कामास असतां चिरंजीवांनी गोल्फचा कुल सरंजाम, न पुसतां, माळ्यावर कैद केला. आणि कैलासवासी यजमानांची पटर, म्हणजे चेंडू होलात हळूच लोटावयाची काठी, तिच्या मुठीस रबरी बूच ठोकून, उलटी करून, चालावयाचा आधार म्हणून पेश केली. वर मुखें वदले, "आई, बघ, बाजारात मिळणार नाही अशी काठी केली!" शहाण्यास शब्दाचा मार, येथे शब्दही वाया.

ऐसियास पूर्वपीठिका. यजमान गोल्फच्या मैदानी गवत कापणारांचे मुकादम. मेंबरांनी टाकलेल्या काठ्या ते घरी आणीत, आणि मग मातोश्री, इयत्ता दुसरी नापास, सांजचे मैदान रिते जाहले की त्याच काठ्यांनी चेंडू हाणीत, आणि मग चार सालांनी खुद्द मेंबरांस हरवू लागल्या. तो दबदबा विहीणबाईंस सलत होता. त्या समाचारास आल्या आणि खुर्ची पुढे सारून म्हणाल्या, "आता कसला खेळ, विहीणबाई? देवाचं नाव घ्या." मातोश्रींनी जबाब दिला, "ते बसूनही घेता येतं. घाई काय?"

अकराव्या आठवड्यास शस्त्रवैद्यांचे फर्मान सुटले की झोका अर्धा, काठी हलकी, होल एकच, आणि कमरेस पीळ दिल्यास खेळ कायमचा बंद. चिरंजीवांनी त्यास पुरवणी जोडली की तो होल सहा फटक्यांत पुरा न जाहल्यास सारा सरंजाम वाटून टाकावा आणि मातोश्रींनी खुर्ची पत्करावी. मातोश्रींनी कबूल केले. पण रात्रंदिन खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

मग चिरंजीव दुकानातून हलक्या काठ्यांची नवी फौज घेऊन आले. मातोश्रींनी एकेक तोलून, "काठी आहे की मोरपीस?" म्हणोन धुडकाविली, आणि माळ्यावरील जुनी लोखंडी मागविली. सरावाचे जागी जुनीचा वार केला, तो खुबा कळवळला आणि चेंडू हातभर जाऊन रुसल्या जावयासारखा बसला. मग कोणी पाहत नाही ऐसें पाहून नवी उचलली. चेंडू आसमानी गेला. मातोश्रींनी जुनीस पदराने पुसले आणि पिशवीत निजविले.

मोहिमेचे दिवशी विहीणबाई छत्री उघडून गाडीत विराजमान, आणि चिरंजीव बोटांवर हिशेब धरून उभे. पहिला वार सरळ गेला, दुसरा झाडाआड, तिसरा वाळूच्या खंदकी पडला, आणि चौथ्याने मातोश्रींनी वाळू उधळीत चेंडू हिरवळीवर आणिला. पाचव्यास नव्या फौजेतील पटर घेतली, ती पळीसारखी हलकी, हातास ओळख देईना. चेंडू होल ओलांडून पाच हात पुढे गेला. "आता काय!" विहीणबाई छत्रीतून उद्गारल्या.

एक फटका उरला. मातोश्रींची नजर डाव्या हातातील आधाराकडे गेली. इतके आठवडे, न्हाणीपासून गॅलरीपर्यंत, पावलोपावली त्याच लोखंडी डोक्यावर तळवा टेकला होता; त्याचे वजन तळव्यास मुखोद्गत. मग त्यांनी बूच उपटून चिरंजीवांचे हाती दिले आणि काठी सुलटी केली. आधार गेला. चिरंजीव धावले, "आई, पडशील!" हुकूम जाहला, "मागे हो." आणि मातोश्री स्वपायांवर उभ्या राहिल्या, आणि चेंडू निघाला, आणि होलाच्या काठावरून सासुरवाशिणीसारखा एकदा मागे वळून पाहता जाहला, आणि मग आत गेला.

विहीणबाईंनी छत्री मिटविली.

येणेप्रमाणे प्रहर दिवसास फत्ते जाहली: फटके सहा, दोन्ही पाय शाबूत, चेंडू एक, तोही हाती आला, खुर्ची रिकामी. आणि मग मातोश्रींनी चिरंजीवांस समोर उभे करून, विहीणबाईंस ऐकू जाईल ऐशा आवाजें निवाडा दिला:

"तुझ्या नव्या काठ्या चांगल्या आहेत. हे एकदाच सांगते, परत विचारू नकोस. बाबांची काठी मात्र माझ्याच हातात राहील. आता ते बूच बसव, घरी चालत जायचंय मला. आणि पुन्हा न विचारता माझ्या वस्तूला हात लावलास ना, तर पुढचा खुबा तुझा बदलावा लागेल!"