हाकाऱ्याच्या डोंगरातले परबसाहेब

मुलुंडच्या मागच्या डोंगरात शिरण्याआधी परबसाहेब आमची नावं काढून घेत असत. देवळाबाहेर चपला काढतात तशी नावं पाड्यावरच्या शेवटच्या झोपडीपाशी काढून ठेवायची आणि परतताना उचलायची. मधल्या चार-पाच तासांत कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. पण माणसाला काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून साहेब प्रत्येकाला रेल्वेचं एक स्टेशन देत. मला विद्याविहार मिळालं होतं.

हे स्टेशन मला फार जड गेलं. "शीव, खाली वाक" म्हटलं की शीव, म्हणजे आमचे स्टोअरकीपर गोडबोले, वेळेत वाकून मोकळे होत. माझ्या वेळी "विद्याविहार, खाली वाक" यातला विहार येईपर्यंत फांदी कपाळावर बसलेली असे. टायपिस्ट फर्नांडिसबाईंना चेंबूर मिळालं तेव्हा त्या रागावल्या.

"मी काय पाप केला परब? मला हार्बर लाइन कशाला?"

"बाई, तुमी रोज लेट. लेट येणाऱ्याक हार्बरच."

भांडुपच्या एका पंख्यांच्या कारखान्यात परबसाहेब डिस्पॅच सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली होतो. खोक्यावर पंखा कोणासाठी आहे हे त्यांनी आयुष्यात कधी वाचलं नसेल. कुठल्या स्टेशनावर उतरायचा, एवढंच त्यांना कळे. माणसांकडेही ते त्याच नजरेने बघत. कोणी पाहुणा आला की "खंयसून इलो आणि खंय जातलो?" एवढं विचारून घेत, नाव विचारायचं राहून जाई. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला मोजत. "सात नग. एक शॉर्ट. गोडबोले खंय गेलो?" गोडबोले संडासात असले तरी तशी नोंद तोंडी का होईना, पण व्हायची.

दर वर्षी श्रावणातल्या एका रविवारी ते आम्हाला डोंगरात नेत. सक्ती नव्हती. पण जो यायचा नाही त्याच्याशी सोमवारी ते फक्त कामापुरतं बोलत आणि मंगळवारीही तेच चालू राही. त्यापेक्षा डोंगर परवडला.

ते जंगल श्रावणात असं माजतं की आपण मुंबईत आहोत हे खरं वाटत नाही. खाली कॉलनीत कोणाच्या तरी गॅलरीत साड्या वाळत असतात आणि वर दहा मिनिटं चढून गेलं की कारवी डोक्याच्या वर गेलेली, खोडांवर हाताच्या जाडीचं शेवाळ, पायात लालभडक खेकडे, वेलींनी झाडं एकमेकांना बांधून टाकलेली. भर सकाळी दिवेलागणीसारखं वाटतं. ऊन नाहीच, पानांवर साचलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही तासभर टपकत राहतं. या सगळ्यात बिबट्याही होता, पण साहेबांना बिबट्याचं काही नव्हतं. "त्याका आपला काम आसा, आपल्याक आपला," असं म्हणून ते बिबट्याचा विषय संपवत. त्यांना धास्ती होती ती हाकाऱ्याची.

हाकाऱ्याची गोष्ट त्यांना पाड्यावरच्या म्हाताऱ्याने सांगितली होती आणि ते ती दर वर्षी आम्हाला झोपडीपाशी उभं करून सांगत. हाकाऱ्या या डोंगरात राहतो. त्याला स्वतःचा आवाज नाही. जंगलात कोणी कोणाला नावाने हाक मारली की तो ती हाक उचलून ठेवतो, आवाजासकट. मग एक वर्षाने, दहा वर्षांनी, कधीही, तो माणूस परत त्या वाटेने आला की त्याच आवाजात त्याला हाक मारतो. माणसाने ओ दिली की संपलं. तो हाकेमागे चालत जातो आणि कोणाला सापडत नाही. एका लाकूडतोड्याला म्हणे सासूच्या आवाजात हाक आली होती. तो अजून बेपत्ता आहे. सासूच्या आवाजात हाक आल्यावर माणूस बेपत्ता झाला तर त्यात हाकाऱ्याचा काय दोष, असं मी एकदा विचारलं. त्या वर्षी मला सगळ्यांचे डबे वाहून न्यावे लागले.

माझा या कशावर विश्वास नव्हता. आमच्या घाटकोपरच्या खोलीत भुताखेतांचं नाव काढलेलं वडिलांना खपत नसे. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि तिच्याखाली वडिलांची पुस्तकं, एवढाच आमचा देव्हारा. मी डोंगरात जायचो ते साहेबांच्या सुकटीच्या चटणीसाठी. ती ते स्वतः करत, कारण त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत ते एकटेच राहत. यापलीकडे त्यांनी घरचं कधी काही सांगितलं नाही आणि विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

डोंगराच्या माथ्याच्या थोडं खाली एक मोठं जांभळाचं झाड आहे. तिथे आम्ही सगळ्यांनी बसायचं. तिथून वर पन्नास-साठ पावलांची उभी चढण आणि तिच्या टोकाला काळी सपाट शिळा. तिथे साहेब एकटे जात. पंधरा-वीस मिनिटांनी उतरत आणि "चला, माल परत" म्हणून निघत. वर ते काय करतात यावर जांभळाखाली दर वर्षी चर्चा होई. गोडबोल्यांचं मत होतं की पोर्तुगिजांचं काहीतरी पुरलेलं आहे. फर्नांडिसबाई म्हणायच्या, "कसला पोर्तुगीज? क्वार्टर असणार." पण साहेब उतरत तेव्हा त्यांच्या तोंडाला सुकटीखेरीज कसलाही वास येत नसे. हे मी मुद्दाम जवळ जाऊन तपासलेलं आहे.

मग रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या आणि साहेबांच्या सहलीची वाट लागली. रस्ते ओस पडत तिथे डोंगर कोण चढणार? आधी फर्नांडिसबाई गळाल्या, मग गोडबोल्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला. शेवटच्या वर्षी आम्ही दोघंच उरलो. ते वर्ष शेवटचं होतं हे आम्हाला माहीत होतं. साहेब दिवाळीनंतर रिटायर होऊन कायमचे मालवणला निघाले होते, आणि त्यांचा उजवा गुडघा एवढा सुजला होता की डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केला होता.

"साहेब, या वर्षी राहू दे ना," मी म्हटलं.

"औंदा शिळेर पोचाकच व्हया," ते म्हणाले. "पुढच्या वर्सा खंयचो डोंगर नि खंयचो मी."

एवढ्या गंभीरपणे ते पंख्यांच्या बाबतीतही कधी बोलले नव्हते.

निघालो. झोपडीपाशी त्यांनी मला एकट्याला उभं करून हाकाऱ्याची गोष्ट संपूर्ण सांगितली, सासूसकट. मला विद्याविहार दिलं. स्वतःसाठी ते कधीच स्टेशन घेत नसत. "मी गार्ड," म्हणत. "गार्डाक स्टेशन नसता." मग मोजलं. "दोन नग. बरोबर."

एरवी दीड तासाची वाट, त्या दिवशी तीन तास लागले. प्रत्येक दगडापाशी ते थांबत आणि गुडघ्याला शिव्या देत. मालवणी माणूस स्वतःच्या गुडघ्याला किती तऱ्हेने शिव्या देऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. मी हात पुढे केला की झिडकारत. वर जावं तसा ढग खाली येत गेला. जांभळापाशी पोचलो तेव्हा शिळा तर सोडाच, समोरची चढणही दिसत नव्हती.

साहेबांनी तीन पावलं टाकली आणि ते खाली बसले. पुन्हा उठले, एक पाऊल टाकलं, पुन्हा बसले. तिसऱ्या वेळी उठलेच नाहीत. मी म्हटलं, "पाठीवर घेतो." ते म्हणाले, "दोघांचेय मुडदे पडतले." चढण शेवाळाने साबणासारखी झाली होती, त्यामुळे त्यांचं खरंच होतं.

ते बराच वेळ वर बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघायची मला सवय नव्हती, म्हणून मी खेकड्यांकडे बघू लागलो.

"आमची मंडळी इलेली हंय एकदा," ते म्हणाले. मंडळी म्हणजे बायको. "कंपनीची सहल होती. असोच ढग. ती मागे ऱ्हवली नि माका शोधूक लागली. 'अवो, अवो' करून बोंबालता. पण थंय वीस बायकांचे वीस घोव. सगळेच 'अवो'. कोण वळतलो?"

मला हसू आलं. तेही थोडे हसले.

"मगे ती भियाली. त्या शिळेर उभी ऱ्हवली नि सरळ माझा नाव घेतल्यान. 'गणपत, गणपत' म्हणान. लग्नाक अकरा वर्सां झालेली, कधी नाव तोंडात घेवक नाय होता तिने. सगळे हसले. शिपाई पण हसलो. मी खाली हंयच, ह्या झाडाखाली. आयकलंय. माका लाज वाटली. ओ देवक नाय."

"मग?"

"मग काय. ती रडत रडत खाली इली. घराक जायसर तिच्याशी बोलाक नाय मी. चारचौघांत नाव कित्या घेतलंस म्हणान. परत कधी घेवक नाय तिने. दोन वर्सांनी काविळीन गेली. हॉस्पिटलात पण शेवटपर्यंत 'अवो'च."

आजही हे लिहिताना मला त्या माणसाचा राग येतो आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. तेव्हा मी काहीच केलं नाही.

"पाड्यावरच्या म्हाताऱ्यान मागाहून सांगल्यान माका हाकाऱ्याचा," साहेब म्हणाले. "म्हटलंय, म्हंजे ती हाक हंय आसतली. हाकाऱ्यान ठेवलेली आसतली. म्हणान दर वर्सा येतंय नि ओ देतंय. तुमी नावां घेवन बोंबाललात तर तुमच्या गर्दीत तिची हाक माका कशी गावतली? म्हणान ती स्टेशनां."

"पण साहेब, ओ दिली की माणूस परत येत नाही म्हणता ना?"

"नाय येत तर नाय. हयसर कोणाक अडलाहा?"

"कधी ऐकू आली?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तू वर जा. माझ्या वतीन एक ओ दी. औंदाची चुकाक नको."

मी चढलो. गुडघे फुटले, हाताला कारवी लागेल ती धरली. शिळेवर पोचलो तर चारी बाजूंना नुसता ढग. खालचं जांभूळ दिसत नव्हतं, साहेब दिसत नव्हते. ओ देण्यासाठी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर येईना. एक तर वडील काय म्हणतील हे आठवलं. पण खरं कारण ते नव्हतं. ओ माझी नव्हती. वीस-बावीस वर्षं घोगऱ्या आवाजात माथाडींवर ओरडलेल्या माणसाची ओ मी माझ्या आवाजात दिली तर ती कोणाला पोचणार? ज्याला हाक आली होती तो खाली बसला होता, धडधाकट कानांचा, आणि त्याला हाकच ऐकू येत नव्हती.

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाला, माझ्या साहेबाला, नुसत्या नावाने हाक मारायची माझी हिंमत नव्हती. पहिल्यांदा मारली ती पुटपुटल्यासारखी झाली. मग मी तोंडाभोवती हात धरले.

"गणपत."

ढगात हाक कुठे गेली कळेना. पानांवरून पाणी टपकत होतं. समोरच्या कड्यावरून माझा आवाज परत आला तो बारीक होऊन, भिजून, माझा न राहिलेला. साहेबांना मी मारलेली हाक ओळखू आली नसेल असं मुळीच नाही. रोज आठ तास ते माझा आवाज ऐकत होते.

"गणपत, ए गणपत."

खूप वेळ काही नाही. मला वाटलं, चुकलंच आपलं. आता खाली कुठल्या तोंडाने जायचं.

मग खालून, ढगाच्या आतून, घोगरा, फुटलेला आवाज आला. "ओ."

आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, "आसंय गो. हंयच आसंय."

मला आणखी एकदा हाक मारायची होती, पण तोंडाभोवतीचे हात मी खाली घेतले. मी शिळेवर तसाच बसून राहिलो. खालून बोलणं चालूच होतं. शब्द कळत नव्हते, आणि ते माझ्यासाठी नव्हतेही. ते थांबल्यावरही मी उतरायला बराच वेळ लावला.