लाल शेपटीचा रेडा

दोन रुपयांचं कार्ड विकायच्या आधी ते गालाला लावून बघणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे नामदेवजी. दिग्रसला बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. गोळ्या, बिस्किटं, पेनाच्या कांड्या, आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेली राक्षसांची कार्डं. मागितलेलं कार्ड काढायचं, गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ओल आहे. आज नाही इकत."

ही खोड कापसाची. जिनिंग चालू होती तेव्हा नामदेवजी तिथे ग्रेडरच्या हाताखाली होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर गालाला लावून ओल बघायची, दोन अंगठ्यांत ओढून धागा किती लांब ते बघायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. मग ती वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही, गाड्या यायच्या कमी झाल्या, एक दिवस फाटकाला कुलूप लागलं. नामदेवजींचा गाल तेवढा रिकामा राहिला.

कार्डांची पाकिटं नागपूरहून येत. त्यांवरची अक्षरं चिनी होती की जपानी, कोणाला ठाऊक. म्हणून नावं आम्हीच ठेवलेली. तोंडातून धूर सोडतो तो धुरकट्या, दोन तोंडांनी बोलतो तो सरपंच, शिंगांतून जाळ निघतो तो रेडा. खाली ताकदीचा आकडा. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचं कार्ड जिंकायचं. आमच्याकडची जास्तीची कार्डं नामदेवजी विकत घेत आणि सुटी विकत. भाव त्यांचा.

आणि भावावरूनच रोज कुरकुर. दोरीवर शेजारी शेजारी दोन रेडे लटकत होते. एक दोन रुपयांना, दुसरा पंधराला. माझा दोस्त गौतम हिशोबी होता. त्याने विचारलं, काहून? नामदेवजींनी नुसतं बोट दाखवलं. एकाची शेपटी काळी, एकाची लाल. गौतम म्हणाला, ताकद तर दोघांची सारखीच आहे, खेळात लाल शेपटीचा काय फायदा?

"कापूस बी सारा पांढराच दिसते बे," नामदेवजी म्हणाले. "पह्यल्या खेपेत लाल शाई होती. मंग छापनाऱ्यानं शाई वाचवली. आता लाल आहे थे आहे, नवीन येनार नाही."

एवढ्यावर ते थांबत नसत. कार्डाचा कोपरा दुमडला असला की भाव खाली. तेलकट बोटाचा डाग दिसला की म्हणायचे, "याले कवडी लागली." कवडी म्हणजे किडीने पिवळा पडलेला कापूस. एकदा गौतमने खास इस्त्री करून आणलेलं कार्ड त्यांनी अंगठ्यांत धरून उन्हात पाहिलं आणि सांगितलं की माल मारून, म्हणजे खोट झाकून, आणला आहे, वापस ने. गौतम म्हणाला, हा मानूस आपल्या बायकोलेही ग्रेड देत असन. नामदेवजींनी ऐकलं. काकू वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते म्हणाले, "तिनं मले देल्ती. दुसरी."

पण त्या दुकानाचा खरा कायदा वेगळाच होता. उभ्या गिऱ्हाइकाला माल मिळत नसे. "पह्यले बस. पानी पे. मंग भाव." जिनिंगमध्ये गाडीवाल्याला असंच आधी बसवत; नामदेवजी म्हणायचे, उभा माणूस घाईत असतो, घाईतल्याशी सौदा खोटा होतो. म्हणून एका धुरकट्यासाठी आम्ही त्या लाकडी बाकावर बसायचो, तांब्याभर पाणी प्यायचो आणि गेल्या कित्येक हंगामांतल्या कापसाची हकिकत ऐकायचो. तोवर घरून हाका सुरू व्हायच्या.

मग गौतमचा संच पुरा झाला. लाल शेपटीचा रेडा त्यालाच मिळाला, पंधरा रुपयांत. दुसऱ्या दिवसापासून तो क्रिकेट खेळायला लागला. दोन-तीनदा नामदेवजींनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गौत्या दिसून नाही राह्यला?" मी सांगितलं, त्याचं सगळं झालं. त्यांनी बाकावरचा तांब्या उचलून आत ठेवला.

पुढे एका पोराच्या जास्तीच्या कार्डांत दुसरा लाल शेपटीचा रेडा आला, तेव्हा मलाही तेवढंच एक कार्ड कमी होतं. भाव सांगितला वीस. मी वीस जमवून गेलो तर पंचवीस. पंचवीस नेले तर ओल निघाली. पस्तीस झाले, चाळीस झाले. आमच्या अख्ख्या तालुक्यात भाव वाढणारी तेवढी एकच वस्तू होती. मी चिडायचो, बसायचो, पाणी प्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

नववीत माझी शाळा सुटली. बाबा त्याच जिनिंगमध्ये हमाल होते, त्यामुळे घरी कोणी फार विचारलंही नाही. विचारलं ते नामदेवजींनी. ते एसटीडी बूथवर जाऊन बसले, जुन्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला आणि तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात मला चिकटवलं. "पोरगा माल पाहू शकते," एवढी एकच शिफारस.

त्या शिफारशीवर मी आजही जेवतो. माझ्यापुढे दिवसभर एकसारखे बनियन येतात आणि त्यातला पहिल्या ग्रेडचा कोणता, दुसऱ्याचा कोणता ते मला सांगावं लागतं. मी गालाला लावतो. तमिळ पोरं हसतात. रात्री धाकधूक असतेच, एखादा खराब पुढे गेला नसेल ना, उद्या घरी तर पाठवणार नाहीत. पण अजून ठेवलं आहे. हे नामदेवजींना सांगायचं राहून गेलं. गौतम फोनवर म्हणाला, दुकान मोडलं, मुलगी त्यांना नेरला घेऊन गेली होती, तिथेच वारले.

तिरुपूरला निघायच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो खांद्यावर पिशवी घेऊनच. रेड्याचं नावही काढायचं नव्हतं, भाव तेव्हा पन्नासवर होता. येतो म्हणालो. ते उठले, दोरीवरचा चिमटा काढला आणि कार्ड गालाला न लावताच पुढे धरलं.

"दोन रुपये."

मी विचारलं, काहून?

"घेनारा चालला. आता याले कोन इचारते?" मग हात पुढे करून म्हणाले, "दे दोन रुपये. फुकट देल्लं तं म्हनशीन, मालच खराब होता."

मी दोन रुपये दिले, पाया पडलो आणि पळालो. एसटीत दारव्ह्यापर्यंत मी नुसता खुशीत होतो. पन्नासचा माल दोनात. संच पुरा. कोपरे बघितले, कोरे होते. उन्हात धरून शेपटी बघितली. मग सवयीने गालाला लावायला गेलो आणि लक्षात आलं, आज त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं. पाणी विचारलं नव्हतं. सगळा सौदा मी उभ्यानेच केला होता.

दिग्रसहून तासाभराने दुसरी एसटी होती. बसता आलं असतं.