सात ते सात पंचवीस

"काडेपेटी हवी असेल तर आधी रिकामी काडेपेटी जमा कर," कुलूपकाका म्हणाले.

"अहो, ती गेली कचऱ्यात," काकू म्हणाल्या. "चहा तुम्हालाच हवाय ना? मग गॅस पेटवू कशानं?"

"कचऱ्यात गेली तर चिठ्ठीवर तसं लिही. 'रिकामी पेटी गहाळ.' खाली सही कर. तीन प्रतींत."

काकूंनी तीन प्रतींत सही केली. काकांनी चष्मा लावून तिन्ही सह्या एकसारख्या आहेत का ते पाहिलं, गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली काढली, मागच्या खोलीचं कुलूप उघडलं, आत जाऊन आतून कडी लावली आणि पाच मिनिटांनी एक काडेपेटी घेऊन बाहेर आले. तोवर काकूंनी शेजारच्या नर्सबाईंकडून लायटर आणून चहा उकळून, गाळून, स्वतःचा अर्धा पिऊनही टाकला होता.

काकांचं मूळ नाव आता फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय त्यांनी कुणाला साधा स्क्रू दिला नाही, मालकाच्या मेहुण्यालाही नाही. कामगारांनी त्यांचं नाव कुलूपकाका पाडलं आणि ते नाव निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

निवृत्तीनंतर पंधरा दिवस ते नुसते बसून होते. सोळाव्या दिवशी त्यांनी पेपरात वाचलं की अडीअडचणीच्या काळासाठी प्रत्येक घरानं स्वावलंबी असलं पाहिजे, तीन आठवडे बाहेरून काही आलं नाही तरी चाललं पाहिजे. काकांनी ते मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतलं काकूंचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं आणि खोलीत खोकी येऊ लागली. टॉर्च, मेणबत्त्या, पाण्याचे कॅन, छोटी शेगडी, औषधं, दोर, घोंगड्या आणि काकांचा जीव की प्राण म्हणजे खोका नंबर चौदा, त्यात एक छोटा इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. एकूण चाळीस खोकी. प्रत्येकाच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर काकांची आडवी, लफ्फेदार सही.

खाण्याच्या सामानाला कारखान्याचा नियम होता, जुना माल आधी. दुकानातून आलेला बिस्किटांचा कुरकुरीत पुडा थेट स्टोअरमधल्या फळीवर रांगेच्या शेवटी जाई, आणि मुदत संपायला चार दिवस राहिलेला पुडा सन्मानानं बाहेर येई. दोन वर्षांत त्या घरानं ताजं बिस्किट चाखलं नव्हतं. पाहुण्यांनी चहात बुडवायच्या आधीच बिस्किटं मऊ असत.

दर महिन्याच्या एक तारखेला मोजणी होई. डॉक्टरांनी पाठीमुळे जड उचलायला मनाई केली होती, म्हणून काका खुर्चीवर बसून काठीनं एकेका खोक्याला टोचत आणि आकडा म्हणत. मग भिंग घेऊन चाळीसच्या चाळीस सह्या तपासत. सगळं शाबूत निघालं की त्या दिवशी जेवताना स्वारी खुशीत असे आणि कारखान्यातल्या चोरीची गोष्ट हमखास निघे.

"सील जसंच्या तसं!" काका घास हातात धरून सांगत. "पण पठ्ठ्यानं काय केलं? खोकं उलटं केलं आणि खालून फोडलं. जग सील वरून बघतं, माल जातो खालून! मी पकडला म्हणून."

"हो का?" काकू म्हणत. त्यांनी ही गोष्ट निदान शंभर वेळा ऐकली होती, पण दरवेळी त्या अगदी मन लावून ऐकत. काकांना याचं फार बरं वाटे.

घरात तिसरं माणूस म्हणजे काकांची आई. वय शहाऐंशी, छातीत दम्याचं जुनं दुखणं, पण जीभ अजून तरतरीत. सकाळी आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांना विजेवरच्या यंत्रातून औषधाची वाफ घ्यावी लागे. ती चुकली की रात्र बसून काढायची वेळ येई. बाकी त्यांचा एकच कार्यक्रम होता. रोज सकाळी सात वाजता काका किल्लीला गंज चढू नये म्हणून दोरी खिळ्याला अडकवून आंघोळीला शिरले की आई बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत.

"कानामागे घासलंस का रे?"

"घासलं गं आई."

"काही नाही घासलंस. परत घास. मानेवर मळाचे थर आहेत. आणि टाचा? टाचा राहिल्या असतील!"

चौसष्ट वर्षांचे काका मुकाट्यानं टाचा घासत. आंघोळीला बरोबर पंचवीस मिनिटं लागत. बाहेर त्यांनी चारचौघांत कुरकुर केली असेल, पण मनातून त्यांना आवडे. या वयात टाचांची चौकशी करणारं माणूस आहे, हे काही थोडं नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी वादळ आलं.

सकाळपासून वारा सुटला होता. दुपारी एकला वीज गेली. दोनला नळ कोरडा पडला. तीनला रस्त्यावरचं मोठं झाड आडवं झालं आणि गल्लीचं तोंडच बंद झालं. सगळी इमारत हवालदिल झाली होती आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत होते. दोन वर्षं ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो अखेर दारात उभा होता.

"अगं ए! चिठ्ठ्यांचं पुस्तक आण!" त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. काकू घरात नव्हत्या. वीज गेल्या गेल्या "आलेच हं" म्हणून त्या खाली उतरल्या होत्या त्या अजून परतल्या नव्हत्या.

"हिचं नेहमीचंच," काका म्हणाले. "आणीबाणीत गप्पा मारायला गेली."

"अरे, दमट हवेनं छाती भरून आलीय," आतून आईंचा आवाज आला. आवाजात शिट्टी वाजत होती. "पाचला वाफ मिळेल ना?"

"मिळेल ना म्हणजे? आई, सगळ्या गावाला नाही मिळाली तरी तुला मिळेल. खोका नंबर चौदा!"

पावणेपाचला त्यांनी स्टोअर उघडलं. स्वतःच चिठ्ठी भरली, स्वतःच मंजूर केली, तीन ठिकाणी सही केली. मग पाठीची आठवण ठेवून, दम रोखून, दोन्ही हातांनी चौदा नंबरचं खोकं उचललं. बॅटरीचं वजन गृहीत धरून त्यांनी जो जोर लावला होता त्यापायी खोकं थेट डोक्यावर गेलं आणि काका मागच्या मागे घोंगड्यांच्या खोक्यावर बसले. ते खोकंही त्यांच्याखाली पापडासारखं चपटं झालं. त्यात घोंगड्या नव्हत्या.

चौदा नंबरात जुने पेपर होते. काकांनी नऊ नंबर फोडला, टॉर्चचा. त्यात गॅलरीतल्या फाटक्या उशा होत्या. शेगडीच्या खोक्यात काकूंच्या शिलाईची कात्रणं. पाण्याच्या कॅनच्या जागी नुसतीच एकावर एक उभी केलेली रिकामी खोकी. सगळीकडे पट्टी शाबूत आणि सही लफ्फेदार. काकांनी एक खोकं उलटं केलं. तळ फोडून पुन्हा नीट चिकटवलेला होता, अगदी त्यांनी जेवताना सांगितला होता तसा.

एकतीस वर्षांत स्क्रू हरवला नाही आणि स्वतःच्या घरात चाळीस खोक्यांना पायच फुटले. पण त्याचं दुःख करायलाही वेळ नव्हता. भिंतीवरचं घड्याळ पाचला पाच कमी दाखवत होतं आणि शेजारच्या खोलीत आई खोकत होत्या. गल्ली बंद. रिक्षा यायची नाही, अँब्युलन्स यायची नाही. काकांना भीती वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी.

ते आईंच्या पलंगाशी जाऊन बसले. "आई," ते म्हणाले, "स्टोअरमध्ये काही नाही. सगळं चोरीला गेलंय. मला... मला तुला वाफ देता येत नाहीय."

"बरं," आई म्हणाल्या. "पाणी दे घोटभर. आणि दार उघडं ठेव."

"दार कशाला?"

"येतील," आई धापा टाकत म्हणाल्या.

आईला भ्रम होतोय की काय, या शंकेनं काकांचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी आईचा हात हातात घेतला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

सगळ्यात पुढे खालच्या मजल्यावरचा सलूनवाला होता. केसांत पानं, शर्टाला चिखल आणि खांद्यावर खोका नंबर चौदातला माल. "सॉरी काका, उशीर झाला. मी झाड हटवायला गेलो होतो, काकूंनी शोधून काढलं. बॅटरी फुल चार्ज आहे, काळजी नको. कुठं आहे आजींचं मशीन?"

काकांनी नुसतं बोट दाखवलं. पाच वाजून दोन मिनिटांनी यंत्र घुरघुरलं आणि आईंच्या नाकातोंडावर पांढरी वाफ पसरली. सलूनवाल्याच्या मागून नर्सबाई टॉर्च आणि शेगडी घेऊन आल्या. त्यांनी आईंची नाडी पाहिली, पाठीवर थोपटलं. "पाठ टेका आजी. हं, असंच. आता श्वास सुटतोय." त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरचे मास्तर दोन भरलेले कॅन घेऊन आले आणि परत जाऊन आणखी दोन घेऊन आले. पाचव्या कॅनचं तोंड कापलेलं होतं आणि त्यात टोमॅटोचं रोप डुलत होतं.

"हा मात्र रिकामा करता येणार नाही," मास्तर ओशाळून म्हणाले. "रोप फुलावर आलंय."

सगळ्यात शेवटी काकू आल्या. तीन जिने चारदा चढून त्यांना धाप लागली होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईंकडे पाहिलं. आईंची शिट्टी थांबली होती. छाती शांतपणे वरखाली होत होती. काकांना आधी रडू आलं आणि मग राग आला. असं चुकीच्या क्रमानं आल्यामुळे रागाला म्हणावा तसा जोर चढेना.

"तू?" ते म्हणाले.

"मीच," काकू म्हणाल्या.

"अहो काका, बरं झालं ना पण," सलूनवाला मध्ये पडला. "ही बॅटरी दोन वर्षं तशीच खोक्यात पडली असती तर केव्हाच मेली असती. वापरात राहिली म्हणून जिवंत आहे. मी रोज चार्ज करतो."

"आणि टॉर्चचे सेल खोक्यातच फुटायला लागले होते," नर्सबाई म्हणाल्या. "मी बदलले."

काकांनी खुर्ची गाठली. "पण चिठ्ठी?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "चिठ्ठीशिवाय माल बाहेर गेला! दोन वर्षं!"

काकू आत गेल्या आणि शिलाई मशीनच्या खणातून एक जाडजूड फाइल घेऊन आल्या. आत चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक तीन प्रतींत. मालाचं नाव, खोक्याचा नंबर, नेणाऱ्याची सही आणि तळाशी काकूंचं वळणदार अक्षर, 'स्टोअरकीपर करिता.' शेवटच्या रकान्यात प्रत्येक चिठ्ठीवर एकच अट होती: 'अडचण आली की माल धावत परत आणणे.'

काकांनी चष्मा लावला. एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. चूक सापडावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. तारखा बरोबर होत्या, सह्या एकसारख्या होत्या. कारखान्यात त्यांच्या हाताखाली सात जण तयार झाले, पण असं काम एकाचंही नव्हतं.

"वेळ लिहिलीय," ते पुटपुटले. "सगळ्यांवर एकच वेळ. सात ते सात पंचवीस. ही कसली वेळ?"

मास्तर टोमॅटोची पानं पुसू लागले. सलूनवाल्याला एकदम बॅटरीची वायर तपासावीशी वाटली. काकांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, दाराबाहेरच्या खुर्चीकडे पाहिलं. मग अगदी हळूहळू मान वळवून त्यांनी पलंगाकडे पाहिलं.

आईंनी वाफेच्या आड डोळे मिटून घेतले होते.

त्या संध्याकाळी नर्सबाईंनी शेगडीवर सगळ्यांसाठी चहा केला. काकांनी स्टोअरमध्ये जाऊन रांगेच्या शेवटचा, कालच आलेला बिस्किटांचा पुडा आणला आणि कुणाकडेही चिठ्ठी न मागता फोडला. बिस्किट मोडताना कट्‌ असा आवाज झाला. काकूंनी चमकून वर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, वीज आली. सकाळी सातला काकांनी गळ्यातली किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि आंघोळीला शिरले. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि कान देऊन थांबले. बाहेरून हाक आली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला. काकांनी साबण लावला, कानामागे घासलं, मान घासली. तरी बाहेर सामसूम. त्यांना उगीचच चुकल्यासारखं झालं.

"आई," त्यांनी शेवटी आतून विचारलं, "झालं माझं. येऊ का बाहेर?"

"थांब रे जरा," आईंचा आवाज खणखणीत होता. "अजून दोघं आहेत रांगेत."

काका पाटावर पुन्हा बसले आणि टाचा घासू लागले.