सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर

मोजल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही! आमच्या दिंडोशीच्या घरात तांदूळ मापाने, ताप थर्मामीटरने आणि नवऱ्याचं प्रेम तो कोथिंबीर आणायला किती मिनिटांत उठतो यावरून मोजलं जातं. तेव्हा सासऱ्यांना गावच्या जत्रेला एकटं सोडायचं की नाही, हेही मीच मोजून ठरवणार होते.

सासरे म्हणजे दत्ताराम बाबा. वय चौऱ्याहत्तर, गिरणीत तीस वर्षं उभ्याने काढलेली. सातेरी देवीच्या जत्रेत पेटती मशाल धरायचा मान त्यांच्या घराण्याचा. गेल्या वर्षी जिन्यात पडले आणि जाता आलं नाही. यंदाही चुकलं तर मान चुलतभाऊ रामचंद्राकडे जाणार, कायमचा. निमेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुट्टी नव्हती आणि मलाही.

"मी एकटो जातंय!" बाबा म्हणाले.

"आधी डॉक्टर!" मी म्हणाले.

डॉक्टर गंधालींनी बाबांच्या मोबाइलमध्ये चालण्याचा वेग मोजणारं ॲप टाकून दिलं. "आठवडाभर मोबाइल खिशात ठेवा. सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर भरले तर खुशाल जा. कमी भरले तर एकट्याने प्रवास नको." आकडे थेट माझ्या मोबाइलवर येणार. झकास!

पहिल्या सकाळी सव्वासातला मी डबे भरत होते आणि मोबाइल केकाटला. लाल पट्टी! 'वेग बावीस सेंटिमीटर. पावलं लहान. तोल जाण्याची शक्यता.' हातातली पोळी जमिनीवर!

अर्ध्या तासाने बाबा हसत हसत दारात.

"बाबा, चक्कर आली का?"

"नाय गो."

"मग कुठे होतात?"

"देवळात. रोज जातंय तसो."

दिवसभर आकडे छान, पंच्याण्णव, नव्वद. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पुन्हा बावीस. तिसऱ्या दिवशी वीस! म्हणजे रोज देवळातच पाय गळतात आणि बाबा लपवतात, दुसरं काय? सव्वासात वाजत आले की मी डबे सोडून मोबाइलकडे धावायची. वांद्र्याच्या ऑफिसात मी आकडेमोड करायची, पण डोळ्यांसमोर जिन्यात पडलेले बाबा दिसायचे.

"तिकीट रद्द करू का रे?" निमेशला विचारलं.

"तू ठरव ना."

म्हणजे वाईट मीच व्हायचं! आणि बाबा तिकडे जत्रेचं धोतर स्वतः धुऊन, इस्त्री करून बॅगेत ठेवत होते. खरंच सांगते, ते बघून रडू आलं मला.

सातव्या दिवशी रविवार. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन सोक्षमोक्ष लावायचा होता. सकाळी मी गुपचूप बाबांच्या मागे निघाले.

टेकडीखालचं देऊळ, गाभाऱ्यापासून कमानीपर्यंत लांबलचक मंडप. कमानीच्या खांबाआड मी, हातात मोबाइल. सव्वासात. लाल पट्टी! 'वेग अठरा. आधार द्या!'

मान वर केली तर काय! बाबांची पाठ माझ्याकडे, आणि पाठच जवळ जवळ येतेय. म्हातारा माणूस मागे कोलमडतोय!

"बाबाऽऽ!" मी दोन्ही हात पसरून धावले.

मध्ये नारळ फोडायची जागा होती. ओली. माझा पाय सटकला, मी बाबांच्या पायांशी जाऊन आपटले, आणि घोटा असा मुरगळला की सात पिढ्या आठवल्या. बाबा? तसूभर हलले नाहीत!

"तू हयसर काय करतंस गो?"

"तुम्ही... तुम्ही पडत होतात!"

"पडतंय खंयचो? बाहेर येय होतंय."

"उलटे?"

"मग काय? देवाक पाठ कशी दाखवूची?"

मी कपाळावर हात मारला. लहानपणापासून हा माणूस देवळातून असाच बाहेर पडतोय, तोंड देवाकडे, टाचेने वाट चाचपत!

"थांब, रिक्षा घेवन येतंय," म्हणून बाबा जे सुटले! मोबाइलवर हिरवी पट्टी : एकशे चाळीस!

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे आकडे बघितले, गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसल्या. "अहो, उलटं चालणं मी तरुणांना शिकवते, तेही भिंतीला धरून! बाबा, खुशाल जा जत्रेला." मग माझा घोटा दाबून पाहिला, पट्टी बांधली आणि मला चालायला लावलं. "बत्तीस सेंटिमीटर! अक्षता, आठवडाभर एकटीने कुठे जायचं नाही हं."

मला आजारपणाची रजा मिळेल, पण निमेश दिवसभर कामावर. मी घरी एकटी कशी राहणार? आता बाबाच जत्रा सोडून थांबतात की काय, या विचाराने माझा जीव अर्धा झाला.

"डॉक्टर, मी आसंय मा!" बाबा छाती काढून म्हणाले. "मी घेवन जातंय तिका जत्रेक."

आणि नेलं की बाबांनी! रेल्वेच्या डब्यात चढवलं, उतरवलं, चहासुद्धा हातात आणून दिला. वर ॲप माझ्या मोबाइलमध्ये टाकून घेतलं, आकडे बाबांच्या मोबाइलवर!

जत्रेत बाबा मशाल धरून ताठ चालले. रामचंद्रकाका नुसते बघत राहिले. मी लंगडत लंगडत देवीचं दर्शन घेतलं. बाहेर येते तोच मशाल ठेवून बाबा धावत समोर, हातात मोबाइल, तोंड एवढंसं.

"गो, अकरा सेंटिमीटर! पडलंस काय?"

"नाही हो बाबा," मी मान खाली घालून म्हटलं. "देवीला पाठ कशी दाखवायची?"