मोहरीची ट्रॉली

सासऱ्यांनी ट्रॅक्टरची किल्ली हातावर ठेवली, तेव्हा जावईबापूंना वाटलं, झालो आपण शेतकरी. ऑफिसची नोकरी सोडून सासरी शेती शिकायला आल्यापासून त्यांच्याकडे फक्त कोंबड्यांचं खातं होतं, आणि कोंबड्याही त्यांना जुमानत नव्हत्या.

"मोहरी आहे, पाण्यासारखी वाहते," सासरे म्हणाले. "फट दिसली की बुजवा. तेलघाण्यावर धड पोचवलीत, तर पुढची पेरणी तुमच्याकडे. नाहीतर कोंबड्या आहेतच."

जावईबापूंनी ट्रॉलीची फट न् फट चिकटपट्टीने बुजवली. खिळ्यांची भोकंसुद्धा सोडली नाहीत.

"अहो, आणि मागच्या फाळक्याला?" बायकोने विचारलं.

"तो तिकडे उघडायचाच आहे ना? मग इथे चिकटवायचा कशाला?"

बायकोने कपाळावर हात मारला. लग्नानंतर तिला ही सवय लागली होती.

वाटेत माणसं हात हलवू लागली. जावईबापूंनीही हसून हात हलवले. एवढा मान त्यांना लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. वर कबुतरांचा थवा निघाला होता, तो वेगळाच.

"अहो, मागे बघा, मागे!" एक दुकानदार ओरडला.

"मागे बघून शेती होत नसते, काका!" जावईबापू म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी वेग वाढवला.

घाणेवाला ट्रॉलीत डोकावला. "काय आणलंय?"

"मोहरी."

"फोडणीपुरती?"

घरी येऊन जावईबापूंनी मान खाली घातली. "बाबा, ऑफिसातही माझ्याकडून सगळं गळायचं. इथे निदान लोकांना दिसलं तरी."

सासऱ्यांनी खुराड्याकडे बोट दाखवलं.

पुढची पेरणी सासऱ्यांनी स्वतः केली. भारी यंत्र आणलं, दोरी लावून रांगा धरल्या. बी खोल गेलं. शेतात मोहरी उगवली ती टकलावरच्या केसांसारखी. रस्त्याच्या कडेला मात्र घरापासून घाण्यापर्यंत पिवळाधमक पट्टा डुलत होता. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते.

सासरे बराच वेळ कधी शेताकडे, कधी रस्त्याकडे बघत राहिले. मग खुराड्यापाशी आले.

"जावईबापू, यापुढे पेरणी तुमच्याकडे."

"खरंच, बाबा?"

"हो. फक्त आपण पेरतोय, हे तुम्हाला कळता कामा नये."