आधी म्हणा, मग हात लावा

आमच्या शेजारचे चाफले काका स्कूटर सुरू करतात तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं. स्कूटरसमोर ताठ उभे राहून ते खणखणीत आवाजात म्हणतात, "चावी लावून राहिलो!" क्षणभर थांबतात आणि मग चावी लावतात. "चोक ओढून राहिलो!" चोक ओढतात. "किक मारून राहिलो!" किक मारतात. स्कूटर बहुधा सुरू होत नाही. मग काका पुन्हा चावीपासून सुरुवात करतात.

प्रताप नगरात नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, हे गृहस्थ फोनवर कोणाशी तरी बोलताहेत. तसं काही नसतं. काका वीज कंपनीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. तिथली रीत अशी, की एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची आणि मगच स्विचला हात लावायचा. मनातल्या मनात काम करणारा माणूस कधीतरी कोळसा होऊन घरी जातो, असं काका सांगतात. नोकरी संपली, सबस्टेशन सुटलं, पण रीत काही सुटली नाही.

भाजीवाल्याकडे कोथिंबीर घेतानाही तेच. "दोन जुड्या सांभार दे." भाजीवाल्याने "दोन जुड्या सांभार देऊन राहिलो काका," असं म्हटल्याशिवाय काका पिशवी उघडत नाहीत. एकदा सत्यनारायणाला त्यांनी भटजींना पोथी थांबवायला लावली होती. "तुम्ही सांगता भराभर, आन् यजमान परत काहीच म्हणत नाही. फूल वाहिलं का फळ, देवाले कसं समजन?" भटजी त्यानंतर या गल्लीत यायचं टाळतात, असं माझी बायको म्हणते.

आता मी कसा यात सापडलो ते सांगतो. मी आयटीतला माणूस. एआय सहाय्यकाला प्रश्न विचारला की तो फाडकन उत्तर देऊन मोकळा होतो आणि बरेचदा तोंडावर पडतो. आमची कंपनी त्याच्यासाठी एक सॉफ्टवेअर बनवते. ते त्याला दटावतं, की बाबा रे, एकेक पायरी मांड, तपास, चुकली तर मागे जा आणि मगच पुढचं बोल. हे मी एका संध्याकाळी काकांना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं.

"म्हणजे आतापर्यंत ते विचार न करताच बोलून राहिलं होतं?"

"तसंच म्हणा."

"मंग ते मशीन नाही गा निखिल, माझा मेव्हणा आहे."

त्या दिवसापासून काका रोज आमच्याकडे. माझ्या फोनमधून बाईच्या आवाजात बोलणाऱ्या मशीनला कधी नळाचा वॉशर बदलायला विचारायचे, कधी पंख्याचा कंडेन्सर. पहिल्याच दिवशी ते भडकले. "एका दमात सात पायऱ्या! माणूस दुसरीवरच मरते न गा!" म्हणून मी ते एकेक पायरीवर थांबेल असं केलं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, की ते आपलं बोलणं परत म्हणत नाही. तेही केलं. मशीनची भाषाही त्यांना पसंत नव्हती. "कृपया पातेले घ्या म्हणते! गंज म्हण म्हणाव तिले. पुण्याची आहे काय?" मशीन गंज म्हणायला शिकलं. साहेबांपेक्षा मी काकांना जास्त घाबरू लागलो होतो.

मग एक दिवस त्यांनी विचारलं, "चूक झाली तं ते काय म्हणते?"

"स्पष्ट सांगतं. अमुक पायरी चुकली, मागे जा. हीच तर आमची खरी करामत आहे काका."

"ते काढ."

"काहून?" आता मीसुद्धा त्यांच्याच भाषेत बोलायला लागलो होतो.

काका गॅलरीच्या कठड्याला टेकले. मग प्रथमच हळू आवाजात बोलले. "तुया काकूले आठवत नाही आजकाल. सैपाक करता करता मधीच थांबते. मीठ दोनदा टाकते. आमच्या पोराले, मंगेशले कळलं, परवा दूध जळून गंज काळा झाला ते. तो येऊन राहिला रविवारी. म्हणते सैपाकीण लावा, आईले गॅसजवळ जाऊ देऊ नका. डॉक्टर म्हणते, जे येते ते करू द्या, कोणीतरी लक्ष ठेवा. आता तूच सांग, सैपाकघर काढून घेतलं तं तिच्याजवळ उरते काय?"

काकू हसतमुख, थोड्या विसराळू, एवढंच मला माहीत होतं. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि मला पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं.

"तुम्हीच शेजारी उभं राहून सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"मी? मले आजवर साधा कुकर लावता आला नाही. मी मीठ सांगाले गेलो तं तिले लगेच समजन, हा मले सांभाळून राहिला म्हणून. त्याच दिवशी ती चूल सोडून देईन."

मग काकांनी डाव सांगितला. मशीनने काकूंना शिकवायचं नाही. काकूंनी मशीनला शिकवायचं. काकू पायरी बोलणार, मशीन परत म्हणणार, आणि मगच काकू हात लावणार. अगदी सबस्टेशनसारखं. पायरी चुकली तर मशीनने गोंधळ स्वतःवर घ्यायचा. आयुष्यात मी बरीच डिझाइनं पाहिली. इतकं चांगलं नाही पाहिलं.

रविवारी मंगेश आला. बेत गोळाभाताचा, म्हणजे भातावर वाफवलेल्या बेसनाच्या गोळ्यांचा. माझा फोन स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि बाहेर दिवाणखान्यात आम्ही तिघं बसलो होतो. मंगेशला मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, पण स्वयंपाकिणीचा नंबर काही खिशातून काढून टाकला नाही.

आतून आवाज येऊ लागले. "भरडा बेसनात तिखट, हळद टाकते वं."

"तिखट, हळद. पुढे काय काकू?"

"मीठ. आन् मोहन."

"मीठ, मोहन."

काका प्रत्येक पायरीला मान हलवत होते. गोळे वळून झाले. भात चढला. मग काकू म्हणाल्या, "आता गोळ्यायच्या बेसनात मीठ टाकते."

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काकू, मी गोंधळले," मशीन म्हणालं. "मीठ मघाशी झालं होतं ना? आता गोळे भातावर ठेवायचे, की अजून वेळ आहे?"

मंगेश उठायला लागला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"झालं होतं वं, झालं होतं," काकू हसत म्हणाल्या. "किती विसरते तू! भात अर्धा शिजला न, ठेवू आता गोळे. गॅस बारीक करते."

"गोळे ठेवायचे, गॅस बारीक."

"हं. आन् अशी घाबरत नको जाऊ. विसरलं तं विचाराव, त्यात कायची लाज? आमचे हे बी आजकाल लय विसरून राहिले. परवा दूध जाळलं त्याहीनं, स्वतःच कबूल केलं. मी काही बोलत नाही. माणसाले वाईट वाटते न."

मंगेशने बापाकडे पाहिलं. "बाबा, दूध तुम्ही जाळलं?"

"हो गा," काका म्हणाले. "मीच."

मंगेशने खिशातून नंबराची चिठ्ठी काढून चुरगाळली. मग म्हणाला, "सैपाकिणीचं राहू द्या. हे मशीन तेवढं आईजवळ रोज ठेवा. मी पण दर महिन्याले येत जाईन."

काकूंनी पानं वाढली. गोळाभात झकास जमला होता आणि मीठ बरोबर होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर काकू काकांच्या ताटाजवळ बसल्या आणि आम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, पण ऐकू आलंच, म्हणाल्या, "पहिले गोळा फोडा. हं. आता त्याच्यावर फोडणीचं तेल घ्या. विसरलं तं मले विचारा, मी आहे न इथं."

काकांनी गोळा फोडला, तेल घेतलं आणि पुढे काय, असं काकूंना विचारलं.